शून्य गळती

"ताई, परत तुटलं बघ. नेटचं आहे. फोन हलवू नकोस."

मोठ्या बहिणीला असा हुकूम सोडून गळतीवाले काका कॉम्प्युटरकडे वळले. ऑफिसात त्यांना हेच नाव पडलं होतं. व्हिडिओ कॉलवरचा आवाज बारीक तुकड्यांतून येतो आणि त्यातले काही वाटेत गहाळ होतात. ही गळती ऐकणाऱ्याला कळू द्यायची नाही, हे काकांचं काम. शेजारीण मात्र अजून त्यांना नळ दुरुस्त करायला बोलावते.

हात चांगला बसलेला होता त्यांचा. तुकडे क्षणभर थोपवून धरायचे, म्हणजे मागचे येऊन गाठतात. प्रत्येकासोबत आधीच्याची नक्कल धाडायची. तरी भोक राहिलंच, तर मागच्याच आवाजाचं ठिगळ लावायचं. काकांचं ठिगळ भल्याभल्यांना ओळखू येत नसे.

आणि दूर एकट्या राहणाऱ्या सख्ख्या बहिणीचाच फोन दोन महिने तुटत होता! तिचं वाक्य मध्येच अडायचं, राहिलेला शब्द काका स्वतःच घालायचे आणि नेटच्या नावाने बोटं मोडायचे. सगळे उपाय करून झाले होते. म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कॉल चालू असतानाच गहाळ तुकड्यांची नोंद उघडली.

दोन्ही बाजूंना गळती शून्य.

"हे मोजणारंच बिघडलंय," काका पुटपुटले. मग त्यांनी आकडे सोडून बहिणीकडे पाहिलं. ती बोलता बोलता अडली होती, पण तिच्यामागच्या भिंतीवर घड्याळाचा लंबक छान हलत होता. चित्र कुठेच अडलं नव्हतं.

"ताई, नेट ठीक आहे गं."

"माहितेय." ती खाली बघत म्हणाली. "मलाच शब्द... सापडत नाहीत रे. तू नेट म्हणालास, म्हटलं, असू दे नेटचंच. नाहीतर माझं घर सोडायला लावून तुझ्याकडे नेशील मला."

काकांनी गळतीची नोंद बंद केली. उभ्या जगाची भोकं बुजवणारा माणूस, आणि घरचंच भोक त्यांनी दोन महिने आपल्या शब्दांनी बुजवत ठेवलं होतं.

"उद्या सकाळी पोचतो मी. आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. घराचं काय करायचं ते तूच ठरवायचंस, मी नाही."

"नक्की?"

"तुझ्याशी कधी खोटं बोललोय?"

ताईच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मग येताना माझ्यासाठी ते आण... पेपर वाचायला... ते..." तिने बोटांनी गोल केला आणि डोळ्यासमोर धरला.

शब्द काकांच्या जिभेवर आला होता. त्यांनी जीभ दाताखाली धरली. थोपवून धरण्यात तर त्यांचा जन्म गेला होता. लंबक इकडून तिकडे जात राहिला. शेजारच्या टेबलावरचा डबा उघडला, बंद झाला.

"भिंग!" ताई म्हणाली. मग संशयाने बघत, "तुला आधीच कळलं होतं ना रे?"

"छे," काका म्हणाले, "तू सांगितलंस तेव्हा कळलं."