टाळूवरचे तेल

“पेटी कुठं ठेवू, मादाम?” अम्म ब्शीरने दारातूनच विचारले, तेव्हा दोर्राच्या ध्यानात आले की आपण अजून होकार दिलेलाच नाही.

अम्म ब्शीर हा कंपनीचा म्हातारा ड्रायव्हर. बाळंतिणीकडे नजर जाऊ नये म्हणून तो भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत होता. हातात पांढरी थर्माकोलची पेटी, तिच्यावर सफरचंदांची पिशवी. दोर्राच्या सासूबाई, लेल्ला शेदलिया, तिळाने माखलेले हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“काय आणलंस रे? मासळी असेल तर आत दे.”

“मासळी नाही, लेल्ला. तेलाचे नमुने.”

“स्फाक्ससारख्या तेलाच्या गावात तेल पाठवतोय तुझा मालक? उद्या समुद्राला मीठ पाठवील.”

“मालकानं नाही, सी हाफेदनी पाठवलंय. मॅनेजर.”

“मग सफरचंदं परत मागेल बघ.”

म्हातारा हसला, पेटी कोनाड्यात ठेवून निघून गेला.

सी हाफेदचा (‘सी’ म्हणजे साहेब) फोन आदल्या संध्याकाळी आला होता. त्याचा आवाज सहानुभूतीने इतका ओथंबलेला होता, की कुणी गेले असावे असे समजून दोर्राने आधी तीच चौकशी केली.

“छे, छे! सगळे ठणठणीत. तुम्ही विश्रांतीच घ्यायची, मादाम. मी काम सांगतच नाहीये. रोज दोन-चार घोट, बिछान्यात बसल्या बसल्या. तुमच्यासारखं नाक आमच्याकडे दुसरं नाही, ते मी वेगळं सांगायला पाहिजे का? आणि नसेलच जमत, तर अनीस आहे. शिकतोय पोरगा. भर हंगामात खुर्ची रिकामी ठेवता येत नाही ना. विचार करून सांगा. घाई नाही.”

अनीस हा सी हाफेदचा भाचा. तो सिगारेट ओढत असे आणि चाखणीच्या खोलीत येण्यापूर्वी पुदिन्याची गोळी चघळत असे. म्हणजे एक गुन्हा दुसऱ्या गुन्ह्याने झाकत असे. आणि ‘घाई नाही’ या शब्दांचा अर्थ सकाळी पेटीच्या रूपाने घरात आला होता.

कायदा बाळंतिणीला रजा देतो. ती घेऊन परत आल्यावर आपली खुर्ची जागेवर सापडेल, असेही तो म्हणतो. मात्र मधल्या काळात त्या खुर्चीवर कोण बसून ती आपल्या आकाराची करून घेईल, याविषयी त्याने विद्वानांना शोभेल असे मौन पाळलेले आहे. दोर्राची खुर्ची चाखणी-मंडळाच्या मेजाच्या टोकाशी होती. कोणत्या टाकीतले जैतुनाचे तेल पहिल्या प्रतीचे म्हणून बोटीवर चढेल आणि कोणते साबणाच्या कारखान्याची वाट धरील, ते तिथून ठरे. रसायनशास्त्राची पदवी तिच्याजवळ होती, परंतु ती पदवी दहा मुलींजवळ होती. नाक तिने स्वतः घडवले होते. त्यासाठी हंगामात कॉफी सोडली, मिरची सोडली, सुगंधी साबण सोडला. लग्नाच्या दिवशीही तिने अत्तर लावले नव्हते, कारण घाणे चालू होते. लेल्ला शेदलिया ते अजून विसरलेल्या नव्हत्या.

“काय म्हणतोस?” तिने नवऱ्याला विचारले होते.

नौफल शाळेत गणित शिकवी. तो बूट घालत होता. “तुझं काम, तुझा निर्णय. मी मधे पडत नाही.” दुसरा बूट चढवून झाल्यावर त्याला काही सुचले. “तसंही दिवसभर घरातच असतेस.”

पडायची भीती नसलेल्या माणसाला मधे न पडणे परवडते. दोर्राच्या मांडीवर त्यांची मुलगी तस्नीम होती. नाव ठेवल्याला थोडेच दिवस झाले होते आणि घरातले लोक अजून तिला ‘ती’च म्हणत.

खरी अडचण अशी होती की दोर्राला काम हवे होते. ही गोष्ट कबूल करण्यासारखी नव्हती. रजेची बाजू घेणाऱ्यांना ती आवडली नसती आणि सी हाफेदला फारच आवडली असती. घरासमोरून घाण्यांकडे जाणारा रस्ता होता. सकाळपासून जैतुनाने भरलेले ट्रक त्यावरून जात, आणि खिडकीपाशी बसलेल्या दोर्राची पावले आपोआप जमिनीवर ताल धरत. पोरीला सोडून कामाला जावे असे तिला वाटत नव्हते. पोरीला धरून इथेच बसावे असेही वाटत नव्हते. ती उठे, पलंगाभोवती चक्कर मारी, पुन्हा बसे. लेल्ला शेदलिया म्हणत, “बाळंतीण आहेस की पहारेकरी?”

तिने पेटी उघडली. काळ्या बाटल्या, त्यांवर नुसते आकडे. आणि कागदात गुंडाळलेले ते निळे पेले. तेलाचा रंग दिसला की जीभ खोटे बोलू लागते, म्हणून चाखणीचे पेले निळे असतात. ते बुबुळासारखे गोल आणि वर काचेचे झाकण. दोर्राने एक पेला तळहातात धरला. तो तिथे बरोबर बसला.

‘फक्त आजच्या दिवस,’ असे तिने ठरवले. माणसे आयुष्यातले बहुतेक मोठे निर्णय याच शब्दांनी घेतात.

“लेल्ला, आज धूप नका घालू. थोडा वेळच.”

“काय?”

“मला वास घ्यायचाय. तेलाचा.”

लेल्ला शेदलियांनी धुपाटणे खाली ठेवले नाही. “आज तुझ्या नवऱ्याची मावशी यायचीय. तिची नजर कशी आहे ठाऊक आहे ना? तिनं आमच्या लिंबाचं कौतुक केलं आणि लिंब वाळला. तुझ्या मॅनेजरच्या तेलापायी पोरीवर धूप फिरवू नको?”

“खोलीत तरी नको.”

“बरं बाई, खोलीत नाही.” आणि त्यांनी तो बोळात फिरवला.

स्वयंपाकघरात झ्रीरसाठी तीळ भाजले जात होते. बाळंतिणीला भेटायला येणाऱ्यांच्या हाती तीळ, बदाम, तूप आणि मधाचा हा घट्ट गोडवा छोट्या पेल्यातून दिला नाही, तर घराची अब्रू जाते. दोर्राने दार लावले, फटीत ओला टॉवेल कोंबला, खिडकी उघडली. दोन घोटांमध्ये जीभ साफ करायला सफरचंदाच्या फोडी केल्या. पहिल्या बाटलीतले तेल पेल्यात ओतून ती ते तळहाताने उबवू लागली, आणि तस्नीम रडायला लागली. तिने एका हाताने पोरीला छातीशी घेतले, दुसऱ्याने झाकण सरकवून पेला नाकाशी नेला.

हिरवे गवत. कच्चा बदाम. घोटभर घेऊन दातांमधून हवा ओढली: कडवटपणा जिभेच्या मागे, मग घशात तिखट. चांगले तेल. मागे काहीतरी होते, असे एक क्षण वाटले. पण तोवर दूध उतरले, दुधाचा गोडसर वास सगळ्यावर पसरला आणि पोरगी गटागटा पिऊ लागली. वास असलेल्या खोलीत चाखणी करायची नाही, हा नियम तीच प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवीत असे.

तिने फोन लावला. “पहिली टाकी स्वच्छ आहे. पहिली प्रत.”

“बघा! मी म्हणालो नव्हतो? जमतं की!” सी हाफेदचा आवाज उजळला. “तुमच्या नावानं नोंद करतो. आजच भरायला घेऊ.”

त्या शब्दांनी दोर्राच्या अंगात जी ऊब पसरली तिची तिला लाज वाटली, पण ऊब पसरली हे खरे. घरून जमते! खुर्चीही राहते आणि मांडीवर पोरगीही. बाकीच्या बाटल्या पाहुणे गेल्यावर चाखू, असे म्हणून ती केस विंचरायला बसली आणि प्रथमच पलंगाभोवती फिरली नाही.

मावशी आली, झ्रीर खाल्ला, पोरीचे कौतुक केले, आणि दृष्ट लागू नये म्हणून लेल्ला शेदलियांनी तिच्या पाठीमागे पाच बोटे दाखवली. दुपारी दोर्राचा डोळा लागला. उठली तेव्हा कुशीत पोरगी नव्हती.

“वर आहे गं!” गच्चीवरून हाक आली. “उन्हात!”

गच्चीवर हिवाळ्यातले स्वच्छ ऊन होते. चटईवर पाय पसरून लेल्ला शेदलिया बसल्या होत्या, पायांवर उघडी तस्नीम. सासूबाई तिचे हात-पाय चोळत होत्या, टाळू भरत होत्या, आणि गात होत्या. शेजारी काळी बाटली.

“लेल्ला, ते कुठलं तेल?”

“तुझ्या पेटीतलं. उघडीच होती बाटली. नाव ना गाव, कुणाची परवानगी घेऊ? अर्धं तसंच पडलं होतं. स्फाक्सची बाई उघडलेलं तेल वाया घालवते होय?”

दोर्राला हसू आले. हसतच तिने पोरीला उचलले आणि सगळ्या आया करतात तसे टाळूवर नाक टेकले.

तिथे तो वास होता.

उन्हाने आणि पोरीच्या अंगच्या उबेने तो वर आला होता: पोत्यात कोंडून ठेवलेल्या, एकमेकांखाली घामेजलेल्या, घाण्यावर जायची वाट पाहता पाहता आंबू लागलेल्या फळाचा. पुसट, पण निःसंशय. हे तेल पहिल्या प्रतीचे नव्हते. गच्चीवर ना धूप होता ना तीळ. दोर्राने बाटली उचलून नाकाशी धरली, वाऱ्याकडे पाठ केली, पुन्हा धरली.

“काय झालं? वाईट आहे का?” लेल्ला शेदलिया घाबरल्या. “पोरीला काही बाधेल?”

“नाही, लेल्ला. अंगाला चालतं. फक्त मी त्याला जे म्हटलं ते ते नाहीये.”

सी हाफेदने फोन लगेच उचलला.

“सकाळची टाकी थांबवा,” दोर्रा म्हणाली. “कोंडलेला वास आहे. माझ्याकडून सुटला.”

“मादाम, भरणं चालू झालंय.”

“म्हणून तर आत्ता फोन केला.”

मग तीच सहानुभूती परत आली. “कसं आहे, मादाम दोर्रा, तुम्ही दमलायत. या दिवसांत बाईच्या नाकाला कसलेही वास येतात. माझी बायको तर पाण्यालासुद्धा वास येतो म्हणायची. सकाळी तुम्ही ताज्या होतात. सकाळचंच धरू.”

“सकाळी मी बाळंतीण नव्हते का?”

“वाकडं नका घेऊ.”

“तुमच्या सोयीचं सांगितलं तेव्हा माझ्यासारखं नाक दुसरं नव्हतं. आता त्याच नाकाला बाळंतपण झालं?”

“हे बघा.” आवाज खाली आला. “नाव राहू दे, खुर्ची राहू दे. उद्या दुसरी पेटी पाठवतो. नाहीतर मला अनीसला बसवावं लागेल, आणि एकदा बसलेल्या माणसाला उठवणं किती अवघड, ते तुम्हालाही ठाऊक आहे. शांतपणे विचार करा.”

“घाई नाही, असंच ना?”

त्याने ते ऐकले नाही, किंवा ऐकून सोडून दिले. दोर्राच्या खांद्यावर तस्नीम उचकी देत होती. तिने विचार केला. तो शांतपणे केला नाही. गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालत केला. चालताना तिला दिसले की तिला घरून काम देऊ करण्यात आलेच नव्हते. घरून देऊ केली होती ती फक्त सही. काम म्हणजे बंद खोली, धुतलेले हात, शेजारी बसलेली आणखी नाके आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा. त्यातले काहीही थर्माकोलच्या पेटीत मावत नव्हते.

“माझं नाव काढा,” ती म्हणाली. “तुम्ही नाही काढलंत, तर मंडळातल्या सगळ्यांना मी आत्ता लिहिते, की सकाळचं चुकलं आणि ते का चुकलं. आणि उद्या पेटी नको. मी रजेवर आहे.”

“मग खुर्चीचं...”

“ऐकलं मी ते.”

तिने तरीही लिहिले. दोघांची उत्तरे आली. एकाने टाकी थांबवल्याचे कळवले. दुसऱ्याने बाळाबद्दल अभिनंदन केले.

दुसऱ्या दिवशी अम्म ब्शीर पेटी न्यायला आला तेव्हा घर बायकांनी भरले होते. तो घड्याळासमोर उभा राहिला. लेल्ला शेदलियांनी त्याच्या हातात झ्रीर दिला, वर चमचा रोवून.

“अहो, हे तर आमचे पेले!” म्हातारा दचकला. निळ्या काचेत तीळ आणि मध चमकत होते. खोलीतल्या प्रत्येक बाईच्या हाती तसाच एक.

“माझे संपले,” लेल्ला शेदलिया म्हणाल्या. “नुसते रिकामे पडले होते. बाळंतिणीच्या घरात रिकामा पेला अशुभ. खा मुकाट्यानं.”

“सी अनीसनी सांगितलंय, पेले जपून आण म्हणून.” तो चमच्याशी अडखळला. “आजपासून तेच बसतात. मेजाच्या टोकाशी.” आणि मग घड्याळाकडेच बघत, “माफ करा, मादाम.”

“गोड लागतो का, अम्म ब्शीर?”

“फार.”

बायका गेल्यावर दोर्राने पेले गरम पाण्याने धुतले, पुन्हा धुतले, कोरड्या फडक्याने पुसले. एक नाकाशी धरला. तिळाचा आणि तुपाचा वास काचेत मुरला होता; दोन-चार धुण्यांत जाण्यासारखा नव्हता. एके काळी असा पेला कुणी चाखणीला ठेवला असता तर तिने त्याला खोलीबाहेर काढले असते. तिने एकेक पेला कागदात गुंडाळला, पेटीत रचला, झाकण लावले आणि पेटी थांबून राहिलेल्या अम्म ब्शीरच्या हाती दिली.

मग ती तस्नीमला घेऊन खिडकीपाशी बसली. खालून एक ट्रक गेला. तिने मान वळवली नव्हती, तरी वास वर आला: फळ शिळे होते, पोत्यांत राहिलेले, आज घाण्यावर गेले तरी उशीर झालेला. हे सांगायला तिने तोंड उघडले. खोलीत दुसरे कुणी नव्हते.

तिने ते पोरीला सांगितले.