मर्लची संगीन

संगीन खरी की खोटी हे सांगायचं काम मी इतकी वर्षं करतोय, की लोक माझ्या टेबलापाशी येतानाच तोंड पाडून येतात. आमच्या ओहायोत प्रत्येकाच्या आजोबांनी एखाद्या जर्मन अधिकाऱ्याशी झटापट करून संगीन मिळवलेली असते, आणि बघायला जावं तर ती टपालाने मागवलेली निघते. मी तोंडावर सांगून टाकतो. त्यामुळे मला मित्र कमी आहेत.

आर्डिथ क्लॉसन ही म्हातारी आली तेव्हा प्रदर्शन आवरत आलं होतं. जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या शेडमध्ये आमचं जुन्या लष्करी वस्तूंचं प्रदर्शन भरतं. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. शेजारी लष्करी बिल्ले विकणारा ड्वेन सँडविच चावत म्हणाला, "आला बघ आणखी एक आजोबांचा पराक्रम. जरा गोड बोल, बाबा."

पण ही गोष्ट आजोबांची नव्हती. तिचा थोरला भाऊ मर्ल कोरियाच्या लढाईत बेपत्ता झाला. देह आलाच नाही. लढाई संपल्यावर त्याच्या तुकडीतला एक शिपाई घरी आला आणि ही मर्लची म्हणून त्याने म्यानासकट संगीन आईच्या हातात दिली. आता दफनभूमीत आईशेजारी मर्लच्या नावाचा नुसता दगड आहे, खाली काहीच नाही. येत्या मे महिन्यात, शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाला तिथे ही संगीन पुरायची, असं आर्डिथने ठरवलं होतं.

"फक्त ती त्याचीच आहे ना, एवढं सांगा," ती म्हणाली. "परक्याचं काही मला आईशेजारी ठेवायचं नाही."

मी भिंग काढलं. शिक्के बरोबर, पातं बरोबर, म्यान त्याच काळातलं. कुणी घासूनपुसून चकचकीत केलं नव्हतं, म्हणून मी खूश झालो. मग म्यानाचं तोंड बघितलं. तिथल्या लोखंडी पट्टीच्या पुढच्या कडेला जुनी, काळपट झीज होती आणि तिच्यावर एक लखलखीत रेघ. बोट फिरवलं तर बोटाला ताजी लोखंडाची पूड लागली.

माझं डोकंच फिरलं. नातवंडांना खेळायला देता का, असं मी तिला फटकन विचारलं. नातवंडं नाहीत, ती म्हणाली, घरात ती एकटीच असते. संगीन काचेच्या कपाटात कुलपात, आणि किल्ली तिच्या गळ्यात. तिने साखळी बाहेर काढून दाखवली. ती स्वतः कधी हात लावत नाही, तिला धारेची भीती वाटते.

मला ते आवडलं नाही. मनातलं लपवायला मी धंद्याचं बोलू लागलो. म्यान कमरेला डावीकडे लटकवून उजव्या हाताने पातं उपसलं की ह्याच कडेला झीज होते, हे तिला दाखवलं. खालची जुनी झीज आणि वरची नवी रेघ, दोन्ही एकाच जागी, एकाच तिरक्या ओढीच्या. एकाच हाताच्या, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"उजव्या?" तिने विचारलं.

"उजव्याच."

"मर्ल डावखुरा होता." ती खुर्चीवर बसली. "जेवायला शेजारी बसलो की आमची कोपरं भांडायची. आई वैतागून आम्हाला वेगळं बसवायची."

मी म्यान पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं. दुसऱ्या कडेला झिजेची एखादी खूण मिळावी असं मला मनापासून वाटत होतं. तिथला हिरवा रंग कारखान्यातून आला तसाच होता. आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं, आणि जमलं नाही. डावखुऱ्या माणसाने ही कधी वापरलेली नाही, मी सांगितलं. शिपायांच्या चिजा एकमेकांत बदलतात, त्या पोराने जी हाती लागली ती आणली असेल.

ड्वेनचं चावणं थांबलं होतं.

"सकाळी मी कॉफी ठेवते ना, तेव्हा तो ती उपसतो," ती म्हणाली. "मला आवाज येतो. मी म्हणते, मर्ल, ठेव ती आत. की लगेच आत जाते." तिने माझ्याकडे बघितलं. "इतकी वर्षं मी दुसऱ्याच्याच नावाने हाक मारतेय. आणि तो ऐकतोय बिचारा."

मी देव मानत नाही, भुतंही नाही, पण बोटावरची पूड मी पँटला पुसून टाकली. संगिनीवर कुणाचं नाव असतं का, तिने विचारलं. मी नाही म्हणालो. शिपायाचं नाव ह्यांवर कोरत नाहीत.

ती टॉवेल गुंडाळू लागली. मी म्हणालो, बाई, राहू द्या, इथेच ठेवून जा, मी हिचं काय ते बघतो. मी खरंच घेतली असती.

"नको," ती म्हणाली. "मर्लची संगीनसुद्धा अशीच कुणाच्या तरी घरी असेल. त्यांनी मर्लला घराबाहेर काढू नये."