पाचवा फर्मा उलटा

मी एक कादंबरी बोलतेय. प्रेमाची. हो, तीच, जिला लोक वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचतात आणि कुणी विचारलंच तर "वेळ जात नव्हता म्हणून घेतली" असं सांगतात. दोन जिवलग मित्र, लग्न ठरल्याचं नाटक, आणि नाटक करता करता खरंखुरं प्रेम. माझा शेवट दहाव्या पानावरच ओळखू येतो म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मुरडोत बापडे! शेवटचं पान वाचल्याशिवाय त्यांच्यातल्या एकानेही मला खाली ठेवलेलं नाही.

माझ्या आवृत्तीच्या हजारभर बहिणी आहेत. सगळ्या सरळ. माझा मात्र पाचवा फर्मा उलटा आहे. फर्मा म्हणजे एकत्र दुमडलेली सोळा पानं. असे फर्मे एकावर एक रचून दोऱ्याने शिवले की पुस्तक तयार होतं. माझ्यात चौसष्टाव्या पानानंतर एकदम ऐंशीवं येतं, तेही शीर्षासन करून.

ज्या बाइंडरने मला शिवलं, तो अकरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. त्याच छापखान्यात पलीकडच्या टेबलाशी प्रुफं तपासणारी बसायची. सगळे तिला काना-मात्रा म्हणत, कारण रस्त्याने जाताना ती दुकानांच्या पाट्यांवरच्या वेलांट्याही सुधारत चाले. दोघांची मैत्री जुनी. डबा एक, छत्री एक आणि भांडण रोज नवं.

त्या दिवशी माझे चार फर्मे शिवून झाले होते. ती येऊन टेबलासमोर उभी राहिली.

"ऐक ना. आत्या येतेय आठवडाभर. माझ्यासाठी परगावचं स्थळ घेऊन. मी सांगून टाकलंय, माझं ठरलंय म्हणून."

"कुणाशी?"

"तुझ्याशी. रविवारी ती गाडीत बसली की नाटक संपलं. करशील ना?"

"करेन की," तो म्हणाला आणि पाचवा फर्मा उलटा ठेवून शिवून मोकळा झाला.

संध्याकाळी प्रती चाळताना तिनेच मला पकडलं. "अरे, झोपला होतास काय?" मी रद्दीत जायची, पण त्याने मला गुपचूप पिशवीत घातलं.

तोवर त्याने शिवलेलं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. "शिवायचं काम माझं, वाचायचं तिचं," असं तो म्हणे. आता मात्र नाटक कसं करतात ते बघायला म्हणून तो मला वाचू लागला. त्याची बोटं कुठल्या ओळीवर थांबतात ते मला कळत होतं. त्याला नाटक शिकायचं नव्हतंच. तो कधीचाच तिच्या प्रेमात होता. रविवारनंतर पुन्हा नुसता मित्र होणं त्याला जमणार नव्हतं, आणि बोलून टाकावं तर असलेली मैत्रीही हातची जायची.

सोमवारी आत्या आली. काना-मात्राला तिनेच लहानाची मोठी केलेली. निवृत्त मुख्याध्यापिका, चष्म्यावरून बघणारी. तिच्या घरच्या पहिल्याच जेवणाला काना-मात्रा बाइंडरला गोड आवाजात म्हणाली, "अहो, पाणी देऊ का?" बाइंडरने मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून! मी खुंटीवरच्या पिशवीतून सगळं बघत होते. हसून हसून माझी पानं दुखली.

गुरुवारी तो स्टुलावर चढून दिवा बदलत होता. स्टूल डगमगलं. "अरे गाढवा, पडशील ना! उतर खाली आधी!" ती धावत आली आणि त्याचे पाय धरून उभी राहिली. तो तिच्या हाताला धरून खाली उतरला, तरी तिने हात सोडला नाही. आत्याने चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

शनिवारी त्याने पेन्सिल घेतली. माझ्या बहात्तराव्या पानावर नायक म्हणतो, "हे सगळं खोटं आहे. आपण फक्त मित्र आहोत." बाइंडरने 'खोटं' खोडून समासात 'खरं' लिहिलं. मग 'फक्त' शब्द काढून टाकायची खूण केली, अगदी ती करते तशी. इतकी वर्षं तिचं काम बघत होता ना! आणि घाबरून मला मिटून टाकलं. उलट्या फर्म्यात कोण डोकावणार आहे, असं त्याला वाटलं असावं.

रविवारी तिघं फलाटावर उभी होती. आत्या म्हणाली, "वाटेत वाचायला काही आहे का रे?" आणि उत्तराची वाट न बघता तिने त्याच्या पिशवीत हात घातला. बाइंडर पांढराफटक पडला.

आत्याने मला चाळलं. पाचव्या फर्म्याशी थांबली, मला उलटं केलं, वाचलं, आणि भाचीच्या हातात दिलं.

"हे तुझं काम आहे. तपासून दे. गाडी सुटायला सात मिनिटं आहेत."

काना-मात्राने वाचलं. तिचे कान लाल झाले.

"मी ते... खोडतो," तो पुटपुटला.

"प्रुफाला हात लावायचा नाही!" तिने अंबाड्यातली लाल पेन्सिल ओढली. समासात एकच शब्द लिहिला, 'छापा', आणि खाली सही केली. एकही चूक उरली नाही म्हणजे ती हे लिहिते. मग छापखान्याचा मालकही त्यात अक्षर बदलू शकत नाही.

तो शब्द त्याने तीनदा वाचला आणि इतक्या मोठ्याने हसला की अख्खा फलाट वळून बघू लागला. मी जिंकले होते! माझ्यावर नाकं मुरडणाऱ्या सगळ्यांना तिथे आणून उभं करावंसं वाटलं.

"अहो म्हणालीस तेव्हाच कळलं, हे नाटक आहे," आत्या म्हणाली. "आणि गाढवा म्हणालीस तेव्हा कळलं, नाटक नाही. त्या स्थळाला मी गुरुवारीच नकार कळवलाय."

"मग बोलली का नाहीस?"

"मला शेवट बघायचा होता."

आज मी त्यांच्या घरी दोन जाडजूड शब्दकोशांच्या मधे राहते. पाठ जरा सैल झालीये. मागच्या महिन्यात बाइंडरने माझे टाके उसवून तो फर्मा सरळ करायला घेतला. काना-मात्राने त्याच्या हातातून मला काढून घेतलं, पहिल्या पानावर लिहिलं, 'आहे तसं राहू द्या', आणि त्याखाली टिंबं दिली. प्रुफात खोडलेला शब्द तसाच ठेवायचा असला की ती अशीच टिंबं देते.

तुमच्या हाती माझी एखादी सरळ बहीण आली, तर वर्तमानपत्राचं कव्हर काढून चारचौघांत वाचा. शेवट आधीच ओळखाल, ठाऊक आहे मला. आत्यानेही ओळखला होता. तरी तो बघत ती फलाटावर उभी राहिली आणि गाडी तिच्याशिवायच निघून गेली. ती गाडीत बसली की नाटक संपणार होतं ना? त्या दिवशी ती गाडीत बसलीच नाही.