नाळेमागची दुहेरी फळी

मित्रांनो, मी एक जुनी लढाऊ नाव आहे. नदीकाठच्या चिखलात कुशीवर कलंडून पडले आहे. माझ्यावरून कोण लढले, हे येणारेजाणारे विचारतात. मला कोणी बांधले, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून मीच सांगते.

मला एका मिस्त्रीने आणि त्याच्या सुनेने बांधले. मिस्त्री फळ्या तासून जोडी आणि सून फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवी. मिस्त्रीचा थोरला भाऊ पलीकडच्या काठावर हेच काम करी. दोघे एकाच बापाच्या हाताखाली शिकलेले. पुढे दोन्ही काठांत युद्ध पेटले आणि सख्खे भाऊ एकमेकांच्या शत्रूंसाठी नावा बांधू लागले.

तेव्हापासून आमच्या गोदीत संशयाचे भूत शिरले. कप्तान रोज येई, खिळा न् खिळा ठोकून पाही. सासरा-सून हळू बोलले, की त्याचे कान टवकारत. खरे सांगते, मलाही शंका येऊ लागली. ज्या हातांनी मला घडवले, तेच मला बुडवणार तर नाहीत? एके संध्याकाळी पहारेकरी जेवायला गेले, तेव्हा दोघांनी माझ्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, आतून घाईघाईने काहीतरी ठोकले.

पहारेकऱ्यांनी चहाडी केलीच. कप्तान तरातरा आला.

"इथे काय दडवलंय?"

"काही नाही साहेब, दुहेरी फळी बसवलीय. राहू द्या."

"नकाशात कुठेय ती?"

"नकाशात नाही, पण नावेला हवी."

"का?"

मिस्त्री पाठ वळवून हत्यारे गोळा करू लागला. चोराच्या मनात चांदणे, असे कप्तानाला वाटले. त्याने पहार मागवून फळी उचकटली. आत नुसते लाकूड! तरी त्याने ती पुन्हा बसवू दिली नाही. उलट पहिल्या फेरीला मिस्त्रीलाच सोबत घेतले.

"भोक पाडलं असशील, तर आधी तूच बुडशील!"

धुके विरले आणि समोरून थोरल्या भावाने बांधलेली नाव आली. तिच्या टोकाला पाण्याखाली लोखंडी सोंड होती. फळी काढली होती, नेमकी तिथेच ती घुसली. पाणी धो धो आत आले. मिस्त्रीने शिडाची घडी भोकावर दाबली, तिला पाठ लावली आणि पाय रोवले. काठ लागेपर्यंत तो हलला नाही. त्या पाठीने पुन्हा त्याला कधी काम करू दिले नाही.

"आधी का नाही बोललास?" कप्तानाने हळूच विचारले.

"ती सोंड आमच्या बापाची युक्ती. बोललो असतो, तर भावाच्या नावेतलं तुला कसं ठाऊक, हेच विचारलं असतंत ना?"

कप्तानाची मान खाली गेली.

मला सुनेने एकटीने दुरुस्त केले, दुहेरी फळीसकट. युद्ध संपल्यावर मी वर्षानुवर्षे माणसे पार नेली. मग पूल झाला आणि मी चिखलात आले.

मित्रांनो, शंका येणे वाईट नाही. पण पहार उचलण्याआधी माणसाला विचारा, आणि त्याला न भिता उत्तर देता येईल असे विचारा. माझ्या फळ्याही सरपणाला नेऊ नका. अजूनही अनोळखी पाऊल पडले, की माझे लाकूड आक्रसते. सून मात्र आता काठी टेकत येते, माझ्या फटींतून बोट फिरवते, आणि मी सैल होते.