सुकरीच्या शेतातले हिरवे फुटवे

सुकरीच्या ज्वारीच्या शेताभोवती पोशेऱ्यातला सगळा पाडा जमला होता. आठ दिवसांत त्या शेतात तीन गायी मेल्या होत्या, धापा टाकत, पाय झाडत. आता जिवा भगताने घुमत घुमत एक शेळी आत सोडली. कापलेल्या खुंटांच्या हिरव्यागार फुटव्यांवर तिने तोंड टाकलं आणि थोड्याच वेळात ती कोसळली.

"पटली खूण?" भगत किंचाळला. "ही भुताळीण हाय! हिची नजर शेतात उतरली. हिला हाकला, शेत देवाला द्या!"

देवाला म्हणजे भगतालाच, हे पाड्याला ठाऊक होतं. तरी पहिला दगड उचलला काळ्याने. पहिली गाय त्याचीच मेली होती.

विधवा सुकरी घरात शिरली आणि तिने दार लावून घेतलं. तिच्या ज्वारीच्या भाकऱ्या, लाह्या याच लोकांनी खाल्ल्या होत्या. पण तीन गायी मेल्या, हे तर खरंच. आपल्यातच काही शिरलंय का? नात चैती बिलगायला आली, तर आपली नजर तिला लागू नये म्हणून सुकरीने तोंड फिरवलं. बाहेर शेतात फुटव्यांची पानं सळसळत होती. शेत आपलंच नाव घेतंय, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी संस्थानाच्या शाळेचे श्रीकृष्ण मास्तर आले. ते मूळचे घाटावरचे.

"खुंट दरवर्षी असेच ठेवतेस, सुकरी?"

"नाय मास्तर. कापणी झाली का धनी उपटून टाकायचं. औंदा ते नायत."

मास्तरांनी पाडा बोलावला. "भगत, तुम्हाला तर नजर बाधत नाही. सोडा तुमचा बैल आत."

भगताने सोबतच्या बैलाचा कासरा हाताला घट्ट गुंडाळला. "माझा बैल नाय सोडायचा!"

मग मास्तरांनी सुकरीच्या माळ्यावरचा, याच शेतातला वाळला कडबा काढून स्वतःच्या गायीपुढे टाकला. सगळे बघत बसले. संध्याकाळी गाय निवांत रवंथ करत होती.

"शेत तेच, पेरणारी तीच," मास्तर म्हणाले. "ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं. पिकून वाळलेल्या कडब्यात ते राहत नाही. घाटावर गुरं राखलेल्या या भगताला हे पक्कं माहीत आहे. गुरं कशानं मेली ते आधी शोधा रे! माणसावर दगड कसले उचलता?"

भगत मान खाली घालून निघून गेला. काळ्या पुढे येऊन सुकरीच्या पायाशी वाकला.

सुकरी बोलली, "काळ्या, तुझी गाय मेली, तवा माझ्यापाशी रडाया यायचं व्हतंस. मी बी रडले असते."