तळमजल्यावरची देवळी

"सांजसकाळ दिवा तेवढा लावायचा. बाकी माझी कसलीच अट न्हाई," घरमालकीण म्हाळसाबाई म्हणाल्या, आणि आमचे मिस्टर चटकन बोलून गेले, "लावंल की! हिला देवाधर्माची लई आवड हाय."

मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले.

पुण्यात खराडीतला तो दोन बेडरूमचा फ्लॅट आम्हाला हवाच होता. सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. शिरूरहून पहाटेची एसटी, आणि येताना त्यांना उलट्या. सहा जागा पाहिल्या, सगळ्या वरच्या मजल्यावर, लिफ्ट कुठंच नाही. ही तळमजल्याला. शिवाय यांची रांजणगावची कंपनीबस कोपऱ्यावर थांबणारी.

म्हाळसाबाईंच्या जुन्या घराच्या जागेवरच ती बिल्डिंग उभी राहिलेली. देवाची जागा हलवायची नाही, असा त्यांच्या सासूचा शब्द. म्हणून हॉलच्या भिंतीत देवळी राखली होती आणि तिच्यात खंडोबाचे टाक. तळमजल्याला भाडं बरं येतं म्हणून म्हाळसाबाई स्वतः राहायला तिसऱ्या मजल्यावर, गुडघे गेलेले. त्यामुळं आजवर जो भाडेकरू आला, त्यानं दिवा लावला.

आम्ही बौद्ध. रोज अंघोळ झाली की मी त्रिशरण-पंचशील म्हणते. बावीस प्रतिज्ञा लग्नाआधीपासून पाठ. ते देव पुजायचे नाहीत, खोटं बोलायचं नाही, हे दोन्ही त्यातच येतं.

परतीच्या एसटीत मी विषय काढला.

"अगं, वात पेटवायला काय जातंय? मनातनं हात नको जोडू," हे म्हणाले.

"आन् त्या बघाय आल्या तर?"

"कुठल्या येत्यात! जिना उतरवंना त्यांना."

"म्हंजी लावलाच न्हाई तरी चालंल, असंच ना?"



घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "माझ्यापायी शील मोडू नगंस, करुणा," त्या म्हणाल्या. मग कूस बदलून, "पर काय ते लवकर ठरवा बाबांनो. त्या एसटीचा वास सोसंना मला."

दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना. सामानाचं खोकं बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. आमटीत मीठ दोनदा पडलं. सकाळी पंचशील म्हणताना 'मुसावादा'पाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, जीभ अडायची. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, पुन्हा तिथंच अडायची.

तिसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. सासूबाईंना मशीन लावलं की चार तास हलता येत नाही. दोन तास मी बाहेरच्या बाकावर बसून काढले, मग नर्सला सांगून रिक्षा केली आणि तीन जिने चढून म्हाळसाबाईंच्या दारात उभी राहिले. त्या मेथी निवडत होत्या.

"मावशी, आमचे हे खोटं बोलले. आन् मी गप ऱ्हायले. आम्ही बौद्ध हाय. दिवा माझ्याच्यानं लागायचा न्हाई."

त्यांचा हात थांबला. "आडनावावरनं मला वाटलं व्हतं. पर दादला व्हय म्हणला, म्हणलं आसंल."

"मग दुसरा भाडेकरू बघा."

"तसं कवा म्हणले मी?" त्या चिडल्या. "तुझं तुला हाय, तसा मलाबी सासूचा शब्द हाय. इतकी वर्सं लोकाच्या हातानं पाळलाय. आता काय करू सांग!"

मी घड्याळ बघितलं. डोक्यात काहीच नव्हतं, आणि तोंडून निघून गेलं, "तुम्हीच येत जा. सकाळी सहाला मी वर येऊन हात धरून खाली नेते."

"आन् सांजचं?"

"सांजचंबी."

"मी लई बडबडी हाय बरं का. सोसंल तुम्हास्नी?"

"सोसंल," म्हणाले खरी. पण मग एकेक आठवायला लागलं. रात्रपाळी करून हे हॉलमध्येच आडवे होतात. लेकीची, सीमाची, बारावी. सासूबाईंना माणसाचा आवाज नको असतो. कुणालाही न विचारता मी दिवसातून दोनदा परकी बाई घरात घेतली होती.

"चल, आत्ताच उतरून बघू," म्हाळसाबाईंनी मेथी बाजूला सारली.

एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा कठड्यावर. पाच ठिकाणी थांबलो. प्रत्येक ठिकाणी त्यांनी बिल्डरला एकेक शिवी घातली. फ्लॅटमध्ये त्यांनी स्वतः वात लावली, हात जोडले. मी मागं सरून उभी राहिले. मग त्या वळल्या आणि समोरची भिंत निरखू लागल्या.

"तुमचा बुद्धाचा फोटो कुठं लावणार?"

मी जागा दाखवली.

"लाव. पर खिळा माझ्या माणसाकडनंच ठोकायचा. मागल्यानं भिंतीची पार चाळण केली." असं म्हणून त्या फरशीवरच बसल्या आणि गुडघा चोळू लागल्या. "आता मला वर कोण नेणार गं?"

मशीन सुटायला पाऊण तास राहिला होता. दवाखाना गाठायला अर्धा लागायचा.

"उठा मावशी," मी म्हणाले आणि त्यांच्या काखेत हात घातला.