बाटलीतून चाकात गेलेला ब्रश

मी बाटली घासायचा ब्रश बोलतोय. पत्ता मात्र आता गाडीच्या डिकीतला आहे, आणि इथवर कसा आलो ते सांगताना मान वर होत नाही.

पिळलेल्या तारेत पांढरे केस अडकवून मला कारखान्यात घडवलं. छोटी जन्मली तेव्हा मी या घरात आलो आणि सिंकशेजारच्या पेल्यात उभा राहिलो. मला आजी चालवायची. बाटलीत घालून गोल फिरवायची, मग उकळतं पाणी, मग बाटली उजेडाकडे धरून डोळे बारीक करून बघायची. हे काम तिने मागून घेतलं होतं. "तुला झोप नाही मिळत, एवढं तरी माझ्याकडे राहू दे," असं सुनेला म्हणायची.

छोटीच्या बाबाचा अर्धा जीव गाडीत. नवी गाडी, चकचकीत चाकं. ब्रेक लावले की काळी भुकटी उडते आणि चाकांवर बसते. वेळेवर काढली नाही तर कायमचे डाग. म्हणून दर रविवारी तो बादली घेऊन खाली बसायचा. चाक गार झालंय ना हे हात लावून बघायचा, शाम्पूच्या पाण्याने धुवायचा, पुसून वर मेण चोळायचा, म्हणजे पुढची भुकटी घट्ट धरत नाही. पण आऱ्यांमागच्या खाचेत त्याची बोटं जाईनात. एका रविवारी सासू-सून छोटीला अंघोळ घालत होत्या. त्याने मला शर्टाखाली लपवलं आणि खाली नेलं.

खोटं कशाला बोलू, मजा आली. मी त्या खाचांत असा फिरलो की स्वारी खूश. मग त्याने मला नळाखाली धरलं. दिसायला पांढराशुभ्र झालो आणि गुपचूप पेल्यात परतलो. भुकटी तारेच्या पिळात दडून होती. मला जाणवत होती, पण ब्रशला तोंड कुठलं.

संध्याकाळी सून बाटलीत दूध भरायला गेली, तर ओली असताना न दिसलेला करडा ओघळ सुकून तळाशी उमटला होता.

"आई, यात काळं राहिलंय."

"अगं, नीट घासली होती मी. उजेडात धरून बघितलीसुद्धा."

"असू दे. उद्यापासून मी धुईन."

सुनेच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते आजीला जास्त लागलं. छोटीचा बाबा तिथेच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे.

सुनेने मला कचऱ्यात टाकलं. त्याने हळूच काढून डिकीत ठेवलं. पुढचं मी त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून ऐकलं. आजी डोळे तपासून आली. डॉक्टर म्हणाले, नजर ठीक आहे. तिला पटलं नाही. "पोरीच्या दुधात घाण दिसत नाही मला, मी इथे काय कामाची?" म्हणत तिने लेकीकडे जायला पिशवी भरली.

तिला सोडायला निघताना पिशवी ठेवायला त्याने डिकी उघडली. समोर मी होतो. त्याचा हात थांबला.

"आई, तो ब्रश मी चाकांना वापरला होता. तुझी काही चूक नव्हती."

आजीने मला हातात घेऊन निरखलं.

"आणि इतके दिवस मला डोळ्यांना बोल लावू दिलास?"

वर स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुनेने सगळं ऐकलं. तिने खाली येऊन पिशवी वर नेली आणि बाटल्यांचं काम आजीच्या हाती परत दिलं. आता नवा ब्रश आहे, माझ्याहून देखणा.

मी मात्र राजरोस चाकांचा झालो. केस काळे पडले, टोक वाकलं. गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच असते. दर रविवारी वरून बाटली धुतल्याचा आवाज येतो. मग आजी सुनेला हाक मारते, "जरा बघ गं, स्वच्छ निघालीय ना? मला काही सांगता येत नाही."

चाकावरचा त्याचा हात तेवढ्यापुरता थांबतो. मी मनातल्या मनात त्याला विनवतो, गाडी थोडी पलीकडे लाव रे, हे ऐकवत नाही.

तो लावत नाही. तिथेच बसून घासत राहतो.